सात नंबरचा प्लग

वसंत इंगळे फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा ते पावणेबाराच्या दरम्यान, ॲरिझोनातल्या चँडलर इथं राहत्या घरी वारले. वय एकाहत्तर. दहा वाजता त्यांच्या पत्नी निर्मलावहिनी किराणा आणायला बाहेर पडल्या, तेव्हा ते स्वयंपाकघरात उभ्यानं चहा पीत होते. पावणेबाराला त्या परत आल्या, तेव्हा ते हॉलमध्ये, गाण्याच्या यंत्रांच्या रॅकमागे, रॅक आणि भिंत यांच्यामधल्या दोन फुटांच्या जागेत आडवे पडले होते. कपाळाला बांधलेली बॅटरी चालू होती. चष्मा शेजारी घडी करून ठेवलेला होता.

मला फोन बारा वाजून दहा मिनिटांनी आला. "भाऊजी, हे मशीनच्या मागं पडले. ॲम्ब्युलन्सवाले आलेत. तुम्ही या," एवढंच वहिनी म्हणाल्या. त्यांच्या घरी गाडीनं पोचायला नऊ मिनिटं लागतात. त्या नऊ मिनिटांत माझ्या डोक्यात एकच आकडा होता. त्या रॅकमागे सात पॉवर केबल आहेत. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्या सातही मी तपासल्या, अशी नोंद इंगळ्यांच्या तपासणीच्या वहीत माझ्या अक्षरात आहे. प्रत्यक्षात मी सहा तपासल्या होत्या.

इंगळे मूळचे अमरावतीचे. वडिलांचं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. इंजिनिअरिंग करून ते अमेरिकेत आले आणि सव्वीस वर्षं चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करून निवृत्त झाले. मी नाशिकला एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होतो. पत्नीची बदली चँडलरला झाली, म्हणून नोकरी सोडून इथं आलो. आमची ओळख दिवाळीच्या एका कार्यक्रमात, शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या सभागृहात झाली. गाणं सुरू होण्याआधी स्पीकरमधून एकसारखी घूंऽऽ अशी घरघर येत होती. व्यवस्थापक तरुण मुलं लॅपटॉपशी झटापट करत होती. तिसऱ्या रांगेतून एक उंच, सडसडीत गृहस्थ उठले, जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि सरळ स्टेजवरच्या टेबलाखाली शिरले. "अहो काका, तुम्ही बसा ना, आपला साउंडवाला आहे," एक मुलगा म्हणाला. टेबलाखालून आवाज आला, "तुमचा साउंडवाला बाहेर वडापाव खाऊन राहिला. मी पाहून आलो." अर्ध्या मिनिटानं घरघर थांबली. टाळ्या पडल्या. ते गुडघे झटकत बाहेर आले आणि योगायोगानं माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. काय झालं होतं, असं मी विचारलं. "पॉवरची केबल आणि माइकची केबल एकाच जुडीत आवळून बांधली होती. वरून प्लग अर्धाच आत. लोकं पाच हजार डॉलरचा स्पीकर आणतात अन् भिंतीतल्या भोकाकडे पाहत नाहीत." मग माझं काम विचारलं. उपसंपादक होतो, असं सांगितलं. "म्हणजे संपादक," ते म्हणाले. उप हा भाग मी दोन-तीनदा लक्षात आणून दिला, पण शेवटपर्यंत त्यांनी मला संपादक म्हणूनच हाक मारली.

त्यानंतर अकरा वर्षं, बहुतेक शनिवारी, मी त्यांच्या हॉलमध्ये बसलो. खोलीत दोन माणसांच्या उंचीचे पडदे, एक सतरंजी, दोन खुर्च्या आणि समोर तो रॅक. रेकॉर्ड प्लेयर, टेप डेक, सीडी प्लेयर, ट्यूनर, या सगळ्यांचा आवाज एकत्र घेणारा एक डबा, आणि खालच्या फळीवर डावी-उजवीकडे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, दोन जुने ॲम्प्लिफायर. एकूण सात यंत्रं, सात पॉवर केबल. प्रत्येक केबलला प्लगपासून वीतभर अंतरावर सामानाला बांधतात तशी जाड कागदाची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला नंबर, मागच्या बाजूला तपासणीच्या नोंदी. उजव्या ॲम्प्लिफायरची केबल म्हणजे सात नंबर. तिचा प्लग सगळ्यात खाली, भिंतीच्या कोपऱ्यात होता. तिथं हात पोचवायला खालची फळी बाजूला काढून पोटावर आडवं व्हावं लागायचं.

तपासणी वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. इंगळ्यांचं म्हणणं असं होतं की पुजायचं म्हणजे आधी खोलून पाहायचं. चँडलरच्या उन्हाळ्यात भिंत तापते, एसी लागला की गार होते, पुन्हा तापते. या ताणात प्लगमधले स्क्रू सैल पडतात. पावसाळ्याच्या नावाखाली धुळीची वादळं येतात आणि बारीक धूळ सॉकेटमध्येही शिरते. सैल जोड गरम होतो, गरम झालेला जोड आणखी सैल होतो... "हे एकदा सुरू झालं की आपण होऊन थांबत नाही," असं ते म्हणत. पद्धत ठरलेली होती. सगळी यंत्रं बंद करायची. घराबाहेरच्या पॅनलमध्ये जाऊन हॉलचा ब्रेकर पाडायचा आणि त्यावर कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी आणलेला लाल टॅग लटकवायचा. त्या टॅगचा अर्थ कारखान्यात एकच असतो. आत माणूस काम करतो आहे, हात लावू नये. मग दहा मिनिटं थांबायचं, कारण व्हॉल्व्हच्या यंत्रात बंद केल्यावरही काही वेळ वीज साठून राहते. मग एकेक केबल काढायची. पितळी पट्ट्या काळवंडल्या आहेत का, प्लास्टिक कुठे पिवळं पडलं आहे का, जळका वास येतो का. पुसायचं, स्क्रू आवळायचे, पुन्हा बसवायचं. प्लग सॉकेटमधून सहज निघाला तर सॉकेट बदलायचं. मग चिठ्ठीच्या मागे नोंद आणि पुढे कुंकवाचा एक ठिपका. शेवटी तास-दीड तास गाणं वाजवून प्रत्येक प्लगला हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करायचा. गरम लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

कुंकू चिठ्ठीवर का, याला इतिहास होता. या घरातल्या पहिल्या खंडेनवमीला वहिनींनी गाडी, मिक्सर आणि शिलाई मशीनची पूजा केली आणि इंगळ्यांनी पुसून मांडून ठेवलेल्या प्लगांनाही, अनामिका बुडवून, ओलं हळदकुंकू लावलं. नेमकं पितळी पट्ट्यांवर. इंगळे आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन त्यांनी प्लग बसवले, पाहिलं नाही. तीन आठवड्यांनी एका प्लगला वास येऊ लागला. काढला तर एक पट्टी काळी ठिक्कर, प्लास्टिक वितळलेलं. इंगळ्यांनी कारखान्यात लिहितात तसा एक पानाचा रिपोर्ट टाइप करून फ्रिजवर लावला. बिघाडाचं कारण: कुंकू. जबाबदार विभाग: स्वयंपाकघर. उपाय: यापुढे फक्त कोरडं कुंकू, फक्त कागदावर. वहिनींनी त्याच कागदाखाली पेननं लिहिलं, "देवीचा प्रसाद होता. मशीनला पचला नाही. आंघोळीहून आल्यावर पाहिलं कोणी नाही?" तो कागद अजून फ्रिजवर आहे. त्यातल्या शेवटच्या वाक्याखाली इंगळ्यांनी लाल रेघ मारून बाजूला लिहिलं आहे, "मान्य."

मान्य करण्याची ही सवय त्यांनी कुठून घेतली, ते एका शनिवारी त्यांनीच सांगितलं. कारखान्यातलं चौथं वर्ष. एका यंत्रात सहकारी काम करत होता. त्यानं फोनवर विचारलं, "ऑफ आहे का?" इंगळे दुसऱ्या कामात होते. ते म्हणाले, "ऑफ आहे." पॅनल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. "चौकशीत सगळे म्हणत होते, फोन कट झाला म्हण, ऐकू आलं नाही म्हण. कोणाला काय कळणार होतं? मी लिहून दिलं, विचारलं होतं, मी न पाहता हो म्हणालो." मी विचारलं, नोकरी कशी वाचली? "मला सहा महिने यंत्राला हात लावू दिला नाही. पण संपादक, मला दुसरंच सांगायचं आहे. चूक एका सेकंदात होते ना बाप्पा. कबूल करायला किती वेळ मिळाला होता पाहा. पूर्ण तीन दिवस." त्यावर मी त्यांना आमच्या डेस्कवरचा नियम सांगितला. निधनाची बातमी दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय लावायची नाही, मग आवृत्ती निघून गेली तरी चालेल. त्यांना तो नियम फार आवडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "हे आमचे संपादक. हे पाहिल्याशिवाय माणसाला मरूसुद्धा देत नाहीत."

तीन वर्षांपूर्वी इंगळ्यांचे हात थरथरू लागले. औषधं सुरू झाली. कप धरता यायचा, स्क्रूड्रायव्हर धरता येत नव्हता. डॉक्टरांनी वाकायला, जमिनीवर झोपून काम करायला बंदी केली. वहिनींनी स्क्रूड्रायव्हरचा डबा उंच कपाटात ठेवून दिला. त्या पाडव्याला इंगळ्यांनी मला बोलावलं, "संपादक, डोकं माझं, हात तुमचे." ते खुर्चीवर बसून सांगत, मी रॅकमागे शिरून करत असे. वहीतल्या खुणा आणि चिठ्ठीमागच्या नोंदीही मीच करू लागलो, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच वाचता येईना. प्रत्येक केबलनंतर ते विचारायचे, "पाहिलं?" मी म्हणायचो, "पाहिलं." मग ते पुढचा नंबर पुकारायचे. त्यांनी कधीही उठून मागे येऊन खात्री केली नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये खंडेनवमीला मी सकाळी साडेनऊला गेलो. एक ते सहा नंबर नेहमीसारखे झाले. सातव्यासाठी खालची फळी काढायची होती. माझी कंबर आदल्या आठवड्यापासून धरलेली होती. एकदा वाकायचा प्रयत्न केला, तशी कळ आली. त्याच वेळी वहिनींचा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो भाऊजी, पुऱ्या तळायला घेतल्या. गार पुरी अन् श्रीखंड मी कोणाला वाढणार नाही." इंगळे खुर्चीतून म्हणाले, "सात. पाहिलं?" बॅटरीच्या उजेडात मला सातव्या केबलचा वरचा भाग दिसत होता. प्लग दिसत नव्हता. मी म्हणालो, "पाहिलं." बाहेर आलो. वहीत सातपुढे बरोबरची खूण केली. सातव्या चिठ्ठीपर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून तिच्यावर ठिपकाही दिला नाही आणि मागे नोंदही केली नाही. गेल्या पाच पाडव्या-नवम्यांना तो प्लग घट्ट निघाला होता, अशी मी मनात समजूत घातली. ब्रेकर चालू केला, लाल टॅग गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवला. मग आम्ही जेवलो. जेवणानंतर गाणं वाजवून हात लावून पाहायचं असतं. त्या दिवशी मला लवकर निघायचं होतं. निदान मी तसं सांगितलं.

शेवटची भेट त्यांच्या मृत्यूच्या आधीच्या शनिवारची. ते त्यांच्या वडिलांची टेप ऐकत होते. अमरावतीच्या दुकानात, नवा माइक आला की वडील स्पूलवर आवाज भरून पाहायचे. चार मिनिटांची टेप. "हॅलो... हॅलो... माइक टेस्टिंग... एक... दोन... तीन..." मागे सायकलची घंटा, कोणाचं तरी हसणं. बाकी काही नाही. यंत्रणा नीट आहे का, हे इंगळे याच टेपवर ठरवत. त्यांच्या मते, सायकलची घंटा उजव्या स्पीकरच्या थोडी मागून ऐकू आली पाहिजे. त्या दिवशी घंटेच्या जागी उजव्या स्पीकरमधून कडकड असा आवाज आला. दोन सेकंद. थांबला. पुन्हा आला. इंगळ्यांनी टेप बंद केली. मग माझ्याकडे वळले.

"संपादक, नवमीला सात नंबर पाहिला होता ना?"

मी म्हणालो, "पाहिला होता."

त्यांनी मान हलवली. "बरं..." ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बरं. मग दुसरं काहीतरी असेल." वहिनी चहा घेऊन आल्या. "काहून गप्प बसले दोघं? भांडले की काय?" त्यांनी विचारलं. "आम्ही काय भांडणार? संपादकांचं अन् माझं कधी दुमत असते का?" इंगळे म्हणाले. मला दारापर्यंत सोडायला ते उठून आले. असं ते सहसा येत नसत. दारात उभं राहून त्यांनी माझ्या कंबरेची चौकशी केली.

ते गेले त्या शनिवारी मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या अग्निशामक बंबाच्या लोकांनी रॅक खोलीच्या मध्यापर्यंत ओढून आणला होता. तीन आणि पाच नंबरच्या केबल सुटून जमिनीवर पडल्या होत्या. बाकीच्या ताणून तशाच राहिल्या होत्या. घराची सगळी वीज त्यांनी आल्याबरोबर बंद केली होती. त्यांच्या प्रमुखानं वहिनींना दोनदा विचारलं, हे पडले तेव्हा या यंत्रांत वीज चालू होती का? वहिनींना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं. मरण घरात, यंत्रांच्या मागे आणि कोणी जवळ नसताना आलेलं असल्यामुळे तपासणी काउंटीच्या मेडिकल एक्झामिनरकडे गेली. अहवालाला काही आठवडे लागतील, असं सांगण्यात आलं. रॅककडे बोट दाखवून वहिनी म्हणाल्या, "याला कोणी हात लावायचा नाही. रेणू येईपर्यंत नाही, अन् ती आल्यावर मी सांगेपर्यंत नाही."

रेणुका ही इंगळ्यांची एकुलती मुलगी. ती व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये विजेच्या व्यवस्थेची इंजिनिअर आहे. रविवारी सकाळी ती पोचली. बॅग दारात ठेवून ती आधी घराबाहेरच्या पॅनलकडे गेली. मी तिच्या मागे होतो. तिनं पॅनलचं झाकण उघडलं. हॉलचा ब्रेकर खाली पाडलेला होता आणि त्यावर लाल टॅग लटकत होता. "बाबांनी प्रोसिजर फॉलो केली," ती म्हणाली. तिनं झाकण पुन्हा लावलं. मग वळून तिनं विचारलं, "मग काका, ते मागे गेलेच कशासाठी? पाडव्याला अजून महिना आहे. बाबा आउट ऑफ शेड्यूल कधीच काही करत नाहीत. आणि आता तर ते करत पण नव्हते, तुम्ही करत होता." मी म्हणालो, आदल्या आठवड्यात आवाज येत होता. "कुठून?" उजवीकडून. ती बॅग उचलून आत गेली.

दहा दिवसांनी ती अ‍ॅशबर्नला परत गेली. वही तिनं बरोबर नेली होती. एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. नवमीच्या पानाचा फोटो. मागोमाग फोन. "काका, हे तुमचंच हँडरायटिंग ना?" हो. "सगळे सात चेक झाले होते?" मी म्हणालो, "वहीत आहे तसं." डेस्कवर एखादा बातमीदार असं उत्तर द्यायचा तेव्हा त्याची बातमी मी परत पाठवत असे. रेणुका म्हणाली, "ओके." आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये अहवाल आला. मृत्यूचं कारण हृदयविकार. नैसर्गिक मृत्यू. शरीरावर विजेच्या धक्क्याची कोणतीही खूण नाही. वहिनींनी तो मला फोनवर वाचून दाखवला. इंग्रजी शब्दांवर अडखळत, पण शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, "पाडव्याला रेणू येत आहे. तपासणी पाडव्यालाच करायची. हे असते तर पाडव्यालाच केली असती. तुम्ही या."

पाडव्याला सकाळी नऊला मी गेलो. अंगणात गुढी होती. हॉलमध्ये रॅक अजून खोलीच्या मध्यात होता. वहिनींनी तबकात कोरडं कुंकू काढून ठेवलं होतं. रेणुका मीटर आणि उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आली होती. ती खाली बसणार एवढ्यात मी म्हणालो, आधी मला काही सांगायचं आहे. मग सांगितलं. नवमीला सात नंबर पाहिला नव्हता. वहीतली खूण खोटी आहे. त्यांनी त्या दिवशी विचारलं तेव्हा पाहिला म्हणालो. शेवटच्या शनिवारी पुन्हा विचारलं तेव्हाही पाहिला म्हणालो. ते त्यासाठीच मागे गेले असावेत.

रेणुका म्हणाली, "म्हणजे ट्वाइस."

"हो."

"आणि मला फोनवर?"

"ते धरलं तर तीनदा."

वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. मांडीवर तबक होतं. "तुम्हाला त्या दिवशी पुऱ्यांसाठी मीच हाक मारली," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, त्याचा काही संबंध नाही. "संबंध कोण ठरवणार?" त्या म्हणाल्या. मग रेणुकाकडे वळल्या, "ज्यासाठी बसली ते कर. आधी पाहा. मग बोलू."

आधी आवाज पाहायचा, असं रेणुकानं ठरवलं. तिनं रॅक पुन्हा भिंतीजवळ ढकलला आणि सुटलेल्या तीन आणि पाच नंबरच्या केबल बसवल्या. सातही जोडांवर मीटर लावून पाहिलं, बाहेर जाऊन टॅग काढून ब्रेकर वर केला आणि यंत्रं चालू केली. आजोबांची टेप लावली. "हॅलो... हॅलो..." सायकलच्या घंटेपाशी उजव्या स्पीकरमधून तोच कडकड आवाज आला. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. रेणुकानं टेप शेवटपर्यंत वाजू दिली, तासभर दुसरं काहीबाही लावलं आणि कॅमेरा एकेका प्लगवर धरला. सात नंबरवर तो सगळ्यात जास्त वेळ होता. "कोल्ड आहे," ती म्हणाली. "इथं काही नाही." मग यंत्रं बंद करून, थांबून, तिनं डाव्या-उजव्या ॲम्प्लिफायरमधल्या एकेका छोट्या व्हॉल्व्हची अदलाबदल केली आणि टेप पुन्हा लावली. या वेळी कडकड डावीकडून आली. दोष व्हॉल्व्हमध्ये होता. केबलशी त्याचा संबंध नव्हता.

तरी तपासणी राहिली होती. तिनं ब्रेकर पाडला, लाल टॅग लावला, आणि आम्ही तिघं दहा मिनिटं थांबलो. मग ती खाली बसली. केबल काढायची, पाहायची, आवळायची, बसवायची, आणि चिठ्ठी उलटून मागची शेवटची नोंद मोठ्यानं वाचायची. "एक. खंडेनवमी. तुमचं हँडरायटिंग." वहिनींनी ठिपका दिला. "दोन. खंडेनवमी. तुमचं." तीन, चार, पाच, सहा, तसंच. सातसाठी तिनं खालची फळी बाजूला केली आणि पोटावर आडवी झाली. प्लग सॉकेटमधून ओढायला तिला दोन हात लावावे लागले. स्क्रू आवळून पाहिले, ते फिरले नाहीत. मग बॅटरी चिठ्ठीवर धरली. ती काही वाचेना. वहिनी म्हणाल्या, "काय आहे?" रेणुकानं चिठ्ठीचा दोरा सोडला आणि हात मागे करून चिठ्ठी माझ्याकडे दिली.

पुढच्या बाजूला सातचा आकडा होता आणि कुंकवाचे ठिपके होते. मी ते मोजले. मग सहा नंबरच्या चिठ्ठीवरचे, आजचा सोडून, मोजले. दोन्हींवर सारखेच होते. मागच्या बाजूला शेवटच्या ओळीत एकच शब्द होता आणि खाली दोन अक्षरं. अक्षर थरथरतं, रेघ सोडून खाली उतरलेलं. दसरा. व. इं.

दसरा खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी असतो.